गावाकडे एक फोन करा

हैदराबादेत विवेक वर्धिनी शिक्षणसंस्थेच्या आसपास राहणाऱ्या जामबागेतल्या मराठी घरांत नांदेड, लातूर, परभणीकडच्या जमिनीचा विषय अजून निघतो. वाट्याने दिलेली चार-पाच एकरं, घरी येणारं ज्वारीचं पोतं. त्या घरांना माझी कळकळीची विनंती आहे: ती माती जिवंत ठेवा.

ज्वारीवरचा खडखड्या रोग आठवतो ना? दाणे भरायच्या वेळी ओल तुटते, ताट बुडाशी काळं आणि पोकळ पडतं, वाऱ्याने लोळतं. बुरशी आधीपासून मातीत असतेच. पाण्याच्या ताणाने पीक थकलं की ती आत शिरते. हरभऱ्याची कोरडी मूळकूजही अशीच, ऊन आणि कोरडेपणा साधून येते.

पण त्याच मातीत राखणदारही आहेत. मुळांतून पाझरणाऱ्या साखरेवर स्यूडोमोनास, बॅसिलस असे जिवाणू जगतात. ते लोह ओढून घेऊन बुरशीची उपासमार करतात, रोग येण्याआधीच झाडाची प्रतिकारशक्ती जागी करतात. ताणाच्या काळात मुळांची वाढ खुंटवणारं इथिलीन ज्यापासून बनतं, ते द्रव्यच काही जिवाणू फस्त करतात. काहींच्या चिकट स्रावामुळे मुळांभोवतीची ओल टिकते. सूर्यफुलाच्या रोपांवर हा गुण आपल्याच शहरातल्या संतोषनगरच्या 'क्रिडा' या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने 2009 मध्ये दाखवला. पाटनचेरूच्या इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेने तर गांडूळखतातले जिवाणू खडखड्याविरुद्ध वापरून पाहिले. इतकं ज्ञान बसच्या अंतरावर आहे आणि गावाकडे धसकटं पेटतातच! त्या आगीत वरच्या थरातले जिवाणू होरपळतात, त्यांचं अन्नही राख होतं.

म्हणून वाटेकऱ्याला फोन करा. रोगट ताटं तेवढी उपटून शेताबाहेर काढायला सांगा, पण सबंध रान पेटवू देऊ नका. शेणखताचा खर्च निम्मा उचला. जमीन तुमची आहे, भार एकट्या त्याच्यावर का? बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, बियाणं सुकल्यावर जिवाणूसंवर्धक, आणि मग पेरणी. पाकिटावरची मुदत बघा, पाकीट उन्हात ठेवू नका. मेलेले जिवाणू कुणाचीच राखण करत नाहीत.

आणि इथे शहरात, फुलबाजारातला शिळा झेंडू आणि घरचं निर्माल्य मुशी नदीत टाकण्याऐवजी गच्चीवरच्या कंपोस्टच्या पिंपात टाका. गावाकडे रब्बी ज्वारीची पेरणी दसऱ्याच्या सुमाराला असते. फोन त्याआधी व्हायला हवा.