सातबारा पाहता, दवाखाना पाहता का?

मुळशीत जमीन पाहायला येणारी पुण्याची मंडळी सातबारा मागतात, फेरफार तपासतात, बोअरला किती फुटांवर पाणी लागलं ते विचारतात, मोबाइलला रेंज येते का ते चार कोपऱ्यांत फिरून बघतात. दवाखान्याचा विषय निघाला की एजंट पूर्वेकडे हात करून सांगतो, "पुणं काय, तासाभरावर." बहुतेकांचं तेवढ्यावर समाधान होतं. मी पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात तीसेक वर्षं परिचारिका होते. निवृत्तीनंतर आम्ही दोघं पौडच्या पुढे राहायला आलो. त्यामुळे जागा बघायला आलेले ओळखीपाळखीचे लोक आमच्याकडे चहाला टेकतात आणि हटकून विचारतात, "सिस्टर, इथे दुखण्याखुपण्याचं कसं?"

मी त्यांना आधी त्या तासाबद्दल सांगते. तो तास मंगळवारी सकाळी अकराचा असतो. पावसाळ्यातल्या रविवारी ताम्हिणी आणि मुळशी धरणाकडे गाड्यांची रांग लागते, आणि संध्याकाळी तीच रांग परत फिरते. चांदणी चौकातला नवा पूल ऑगस्ट 2023 मध्ये खुला झाला, पण त्याच्या अलीकडे भूगावात गाड्या तुंबायच्या त्या तुंबतातच. त्या गर्दीत सायरन वाजवणाऱ्या रुग्णवाहिकेला वाट द्यायची म्हटलं तरी रस्त्याला बाजू कुठे आहे? 25 जुलै 2024 ला ताम्हिणीत 24 तासांत 556 मिलिमीटर पाऊस पडला, घाटात दरड कोसळली. अशा दिवशी किलोमीटर मोजून काही उपयोग नसतो.

आमच्या ह्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, म्हणून हे गणित मी इथे येण्याआधीच मांडलं होतं. हृदयविकाराचा झटका आला की गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जितक्या लवकर पडेल तितका हृदयाचा स्नायू वाचतो. पक्षाघाताच्या रुग्णाला असं इंजेक्शन द्यायची मुदत साधारण साडेचार तास असते, आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन व्हावाच लागतो. म्हणजे प्रश्न "चांगलं हॉस्पिटल कुठे आहे?" एवढाच नाही. रात्री ईसीजी कोण काढेल, तो कोण वाचेल, ते इंजेक्शन कुठे मिळेल आणि सीटी मशीन रात्री चालू असतं का, हे चार पत्ते वेगवेगळे निघू शकतात. ते दिवसाउजेडी स्वतः जाऊन, विचारून, लिहून ठेवावे लागतात. आमच्या फ्रीजच्या दारावर तो कागद आहे. शेजारच्या जीपवाल्याचा नंबर त्यात सगळ्यात वर.

मुळशी तालुका एकच असला तरी आरोग्याच्या दृष्टीने त्याचे दोन तालुके आहेत. पूर्वेला हिंजवडी, माण, लवळे. लवळ्याला सिम्बायोसिसचं 900 खाटांचं रुग्णालय उभं आहे, तेही मुळशीतच. पश्चिमेला धरणाच्या पाण्यापलीकडच्या वाड्या, कातकरी वस्त्या, धनगरपाडे. आंबवणे, सालतर, तैलबैल्याकडची माणसं लोणावळा गाठतात. ताम्हिणीच्या बाजूच्या कुणाला पुण्यापेक्षा घाट उतरून माणगाव बरं पडतं. 2011 च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या 1 लाख 71 हजार भरली. सरकारी निकष सांगतो, डोंगरी भागात 20 हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 3 हजारांमागे एक उपकेंद्र. पण जिथे 3 हजार माणसं गोळा करायला चार डोंगर ओलांडावे लागतात, तिथे हा हिशेब कागदावर बसतो आणि पायवाटेवर मोडतो.

आता एक रात्र सांगते. आषाढ होता, वीज गेलेली. शेजारच्या वाडीतला पोरगा दार वाजवत आला. "काकू, आईला पान लागलं." ती जमिनीवर अंथरूण टाकून झोपली होती. पोटात कळ आली म्हणून उठली, तर उशाशी काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला साप. मण्यार. पायावर खूण जवळजवळ दिसत नव्हती, सूज नव्हती, म्हणून घरातले म्हणत होते की दातच लागला नसेल. मण्यारीचं हेच भय आहे. मी बॅटरीच्या उजेडात तिचे डोळे पाहिले, पापण्या जड व्हायला लागल्या होत्या. तिला म्हटलं, एका दमात आकडे म्हण. पहिल्यांदा ती वीसच्या पुढे गेली. जीपमध्ये बसवेपर्यंत बारावर अडखळली. वाटेत नऊ. मण्यारीच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडत जातात. यंत्र हाताशी नसलं की ते असं आकड्यांवरून समजतं. आशाताईंनी आधीच फोन करून ठेवला होता, म्हणून सरकारी दवाखान्यात आम्ही पोचलो तेव्हा डॉक्टर जागे होते आणि प्रतिविषाच्या बाटल्या बाहेर काढून ठेवलेल्या होत्या. सलाइनमधून प्रतिविष सुरू झालं, पाठोपाठ पापण्या उघडायला मदत करणारं इंजेक्शन, आणि मग तिला शहरात हलवलं. ती वाचली. यंदा भातलावणीला होती.

तिला कुणी वाचवलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एमबीबीएस झालेला, विशीतून नुकताच बाहेर पडलेला एक डॉक्टर त्या रात्री क्वार्टरमध्ये मुक्कामाला होता. औषध साठ्यात होतं. आशाताईंकडे त्याचा नंबर होता. या तीनपैकी एक गोष्ट नसती, तर पुण्यातल्या कुठल्याही नामांकित रुग्णालयाचा तिला उपयोग झाला नसता. डॉक्टर मुक्कामी राहावा असं आपल्याला वाटतं ना? मग त्याच्या क्वार्टरचं छत गळतं का, त्याच्या बायकोमुलांना तिथे राहता येईल का, जनरेटरला डिझेल आहे का, हे कुणी विचारायचं?

ताम्हिणी उतरून माणगावच्या पुढे गेलं की महाड. तिथे डॉ. हिम्मतराव बावस्कर 1976 मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने माणसं, विशेषतः मुलं, फुफ्फुसात पाणी होऊन दगावत होती. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या आणि रक्तदाबावरच्या प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीने हे मरण टळतं हे दाखवलं. 'लॅन्सेट'मध्ये त्यांचं काम छापून आलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याच जिल्ह्यात नारायणगावला डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशावर असंच काम उभं केलं आहे. विरळ वस्तीत उत्तम उपचार होऊच शकत नाहीत, असं कुणी म्हणालं की मी ही दोन नावं सांगते. दोघंही खेड्यात राहिले, आणि रुग्ण त्यांच्यापर्यंत वेळेत पोचला.

म्हणून शहरातून येणाऱ्यांना माझं एक कळकळीचं सांगणं आहे. तुमचं नाव इथे आणा. फार्महाउस मुळशीत, घरपट्टी इथल्या ग्रामपंचायतीला आणि मतदार यादीत नाव मात्र कोथरूडला, अशी शेकडो घरं माझ्या आजूबाजूला आहेत. मतदार यादीत नाव नसलं की ग्रामसभेत तुम्ही सभासद नाही. आरोग्य केंद्रं, पदं, औषधांचा साठा हे सगळं अखेर लोकसंख्येवर ठरतं. 2021 ची जनगणना झालीच नाही, ती आता 2027 मध्ये होणार आहे. कायम मुळशीत राहणाऱ्यांनी स्वतःला मुळशीत मोजून घ्यावं. कोथरूडच्या फ्लॅटवर मोजलं गेलेलं माणूस इथल्या उपकेंद्राच्या हिशेबात धरलं जात नाही.

आणि दवाखान्यात जा. साधा ताप, बीपी तपासणी, धनुर्वाताचं इंजेक्शन यासाठी गाडी काढून शहरात पळू नका. ज्याला लिहिता-बोलता येतं, अधिकाऱ्याला फोन लावता येतो, तो माणूस सरकारी दवाखान्याच्या बाकावर बसला की बंद पडलेला फ्रीज लवकर दुरुस्त होतो. हे मी नोकरीत पाहिलं आहे आणि इथेही पाहते आहे. माझ्या शेजारणीने किती वेळा फ्रीजबद्दल सांगितलं तरी तिचं ऐकायला वेळ कुणाकडे असतो? तिच्या बाकावर तिच्या शेजारी बसायला आपण तयार आहोत का, एवढाच माझा प्रश्न आहे.

केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. 2030 पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायचे आहेत. आमच्या भागात त्याचा अर्थ सरळ आहे: जून ते ऑक्टोबर प्रत्येक आरोग्य केंद्रात मुक्कामी डॉक्टर, प्रतिविषाचा पुरेसा साठा, चालू जनरेटर आणि दरड पडली तर पलीकडच्या बाजूला उभी असलेली दुसरी रुग्णवाहिका. येत्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडणार आहे. सूचक मी आहे, अनुमोदनाला माझी शेजारीण तयार आहे. आजूबाजूच्या बंगल्यांतून कोण कोण येतं ते पाहायचं आहे.