घरबसल्या पदवी

गेल्या महिन्यात एका साखरपुड्याला गेले होते. जेवणं झाली, विडे झाले आणि नेहमीप्रमाणे "कोण काय करतं" सुरू झालं. माझ्या भाचीची मुलगी एका दुकानाचे हिशेब सांभाळते आणि ऑनलाइन बी.कॉम. करते. ते ऐकून आमचे एक नातेवाईक म्हणाले, "म्हणजे मोबाइलवरचं कॉलेज! फी भरली की पदवी घरपोच." सगळे हसले. पोरगीही हसली आणि मग परतीच्या प्रवासात एक शब्द बोलली नाही.

त्या हसण्याची मला चांगली ओळख आहे. दोन्ही बाजूंनी.

१९७० च्या दशकात नोकरी करता करता मी बी.ए. केलं, बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून. लोकांच्या भाषेत "बाहेरून". रात्री स्वयंपाकघर आवरलं की वाचायला बसायचं, कॉलेजात जाणाऱ्या मुलींच्या वह्या उतरवून घ्यायच्या. परीक्षा तीच, पेपर तेच. तरी कुणीतरी म्हणायचंच, "बाई बी.ए. आहेत, पण बाहेरून." तो "पण" वर्षानुवर्षं टोचत राहिला.

एवढं सोसलेल्या बाईने शहाणं व्हायला हवं होतं ना? पण ऐका. १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालं, नाशिकला. दहावी-बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारीची परीक्षा देऊन बी.ए.ला बसता येऊ लागलं. आमच्या शाळेतल्या शिपाईभाऊंनी नाव घातलं. रविवारी अभ्यासकेंद्रावर जायचे, मधल्या सुट्टीत पुस्तक उघडून बसायचे. एकदा शिक्षकखोलीत मी म्हणाले, "आता आपल्या शाळेची घंटासुद्धा पदवीधर वाजवणार!" खूप हशा पिकला. ते तिथेच चहा देत होते. माझा कप माझ्यासमोर ठेवला आणि गेले. पुढे पास झाल्यावर त्यांनी पेढे आणले. मी पेढा खाल्ला, पण माफी मागितली नाही. आता मागायला ते राहिले नाहीत.

असो. म्हणून या विषयावर मी फार वरच्या पट्टीत बोलू शकत नाही. तरी जे वाटतं ते सांगते.

ऑनलाइन शिक्षणाबद्दलचा संशय अगदीच हवेतला नाही. पत्राद्वारे इंजिनिअरिंगच्या पदव्या देणाऱ्या काही अभिमत विद्यापीठांना २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फटकारलं, तेव्हा त्रास झाला तो मुलांनाच. एक वर्ष मोफत, नोकरी नक्की, अशा जाहिराती करणारे आजही आहेत. तेव्हा कुणी "तुझं विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे का गं?" असं विचारलं तर त्यात राग मानण्यासारखं काही नाही. तो प्रश्न आपण स्वतःच प्रवेशाआधी विचारायचा असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर मान्यतेची यादी असते. नुसतं विद्यापीठाचं नाव बघून भागत नाही. तोच अभ्यासक्रम, त्याच वर्षासाठी मान्य आहे का, हे बघावं लागतं. आणि मान्यता असली तर ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, हे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेलं आहे. हे मी नातीकडून शिकले. तिने प्रवेशाआधी सगळं तपासलं होतं. साखरपुड्यात तिला ते सांगता आलं असतं, पण तिथे कुणी प्रश्न विचारलाच नव्हता, चेष्टा केली होती. चेष्टेला यादी दाखवून उपयोग नसतो. तिथे गप्प राहिली ते बरोबरच केलं, असं माझं मत.

मात्र घरी आल्यावर तिने एक वेगळीच गोष्ट सांगितली. एका नोकरीच्या मुलाखतीत तिला म्हणे विचारलं होतं, "चार लोकांसमोर उभं राहून कधी विषय मांडला आहे का?" तिने मांडला नव्हता. व्याख्यानं कानात यंत्र घालून ऐकलेली, चाचण्या पडद्यावर दिलेल्या. तिला वाटत होतं, हाही ऑनलाइनचा अपमानच.

मी म्हटलं, "नाही बाळा, हे खरं आहे." बाहेरून शिकताना माझंही हेच झालं होतं. पुस्तकं मी वर्गातल्या मुलींपेक्षा जास्त वाचली असतील, पण वाद घालायला, चुकीचं बोलून तिथल्या तिथे सुधारून घ्यायला माणसं नव्हती. आपल्या शिक्षणात उणीव आहे असं कुणी नेमकं दाखवलं, तर तो माणूस मनात कितीही तुच्छतेने बोलत असला तरी त्याचं वाक्य तेवढं उचलून घ्यावं. मला हे पन्नाशीनंतर उमगलं, तिला विसाव्या वर्षी उमगायला काय हरकत आहे?

ती थोडी रुसली. दोन दिवस फोनही नव्हता.

आता दर रविवारी ती सकाळी येते आणि एक धडा मला उभं राहून शिकवते. मला हिशेबातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे शंका भरपूर असतात. शेजारच्या दोघीजणीही चहाच्या निमित्ताने येऊन बसतात. मागच्या रविवारी घसारा झाला. चांगल्या चालत्या यंत्राची किंमत दरवर्षी कमी करून का लिहायची, ते मला काही पटलं नाही. वैतागली होती, पण या रविवारी परत सांगते म्हणाली आहे.