पेरूखालचे रणांगण

दिवाळीचा किल्ला बांधणे ही हौस पूर्वी पुण्याकडची मानत. आता ती आमच्या उस्मानपुऱ्यातही चांगली रुजली आहे. विटा रचायच्या, त्यांवर भिजवलेली पोती टाकायची, चिखल थापायचा, अळीव पेरायचे आणि ते उगवेपर्यंत घरातल्या मोठ्यांना अंगणातून वळसा घालायला लावायचे, हे माझ्या भाचेमंडळींना तोंडपाठ आहे. पेच पडतो तो पुढे. महाराज सिंहासनावर बसले, मावळे जागोजाग उभे राहिले, मग? मुलांना किल्ला नुसता बघायचा नसतो, लढवायचा असतो.

लढवायचा तर शत्रू हवा. महाराजांना हरवायला कोणी तयार नसते, आणि ते योग्यच आहे. मग दरसाल शत्रूची बाजू जाई ती शेजारच्या त्या मुलाकडे, ज्याच्या घरी ईदेला आमची मुले शीरखुर्मा प्यायला जातात. त्याला कोणी विचारले नव्हते. जणू ते ठरलेलेच. गेल्या वर्षी तो म्हणाला, "आत्या, मी चिखल कालवायला येईन. खेळायला नाही." (सारी गल्लीच मला आत्या म्हणते.)

तोडगा काढला तो अकरा वर्षांच्या भाचीने. महाराजांचा किल्ला ओसरीजवळ. तिथे फक्त पणत्या. लढाईसाठी पेरूच्या झाडाखाली दुसरा डोंगर, कोणत्याही नकाशात नसलेल्या देशाचा. तिथे यक्ष आणि जलराक्षस. राक्षस म्हणजे काळ्या मातीचे गोळे, डोक्यावर काडेपेटीच्या काड्यांची शिंगे. कोणाकडे कोणती सेना, ते चिठ्ठ्या टाकून.

मराठीला अद्भुताचे वावडे नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ मधली. पण मातीच्या सैनिकांची अशी नियमबद्ध लढाई मात्र पाश्चात्त्यांनी फार पुढे नेली. प्रशियाच्या सैन्याने १८२४ च्या सुमारास अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी असा खेळ हाती घेतला. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईवर 'लिटल वॉर्स' हे पुस्तकच लिहिले. पुढच्याच वर्षी खरे महायुद्ध पेटले. पुस्तकाच्या लांबलचक उपशीर्षकात मुलांना सरसकट आमंत्रण आहे, मुलींपैकी मात्र फक्त जरा हुशार असतील त्यांना. हे ऐकून भाची जी फुरंगटली ती जेवणापर्यंत! १९७१ मध्ये अमेरिकेत 'चेनमेल' या मध्ययुगीन लढायांच्या नियमावलीला राक्षस-जादूगारांची पुरवणी जोडली गेली आणि तिच्यातूनच १९७४ चा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघाला.

आमच्या मुलांचे नियम वहीच्या एका पानावर मावले. प्रत्येकाचे वीस सैनिक. चाल फूटपट्टीने मोजायची, घाव फाशाने ठरवायचा. धनत्रयोदशीपासून पाडव्यापर्यंत चार संध्याकाळी चार लढाया, आणि आज मेलेला उद्या उठायचा नाही. या शेवटच्या कलमाने खेळाचा रंगच पालटला. पहिल्या दिवशी यक्षांचा सेनापती, म्हणजे आमचा शेजारी, डोंगरावर सरळ धावून गेला आणि सात सैनिक गमावून बसला. दुसऱ्या दिवशी तोच एकेका यक्षाला दगडाआड लपवीत होता. तेरा म्हणजे किती थोडे, हे त्याला फाशांनी शिकवले.

तिसऱ्या दिवसासाठी मी एक कलम सुचवले. १२९६ साली अल्लाउद्दीनाने देवगिरीला वेढा घातला, तेव्हा किल्ल्यात धान्य समजून भरलेल्या पोत्यांत मीठ निघाले, अशी आख्यायिका आहे. दौलताबादची सहल केलेल्या मुलांना ती ठाऊक होतीच. म्हणून डोंगरावर काडेपेटीच्या सहा पेट्या ठेवल्या. काहींत तांदूळ, काहींत मीठ. मिठाची पेटी निघाली की त्या दिवशी चाल निम्मी. राक्षसांच्या भाचीबाईंनी ओळीने तीन पेट्या मिठाच्या उघडल्या!

पाडव्याला राक्षस उरले पाच, यक्ष सहा. पणत्या विझायच्या बेतात असताना एक यक्ष माथ्यावर पोचला, आणि जो मुलगा खेळायलाच नको म्हणत होता त्याची आरोळी पार कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत गेली. भाचीने पट्टी हिसकावली. तिचे म्हणणे, त्याने माप शून्यापासून धरलेच नव्हते, यक्ष अर्धा इंच अलीकडेच आहे, आणि तो लबाड आहे. तो म्हणाला, तूच लबाड. भाऊबीजेला तो करंज्या खायला आला तेव्हाही दोघे पेरूखाली उकिडवे बसून ते अर्धे इंच मोजत होते.