पोच मिळते, उत्तर मिळत नाही

कुणाचं निवेदन हातात आलं की मी आधी त्याचा शेवट वाचतो. मागणी वर लिहिलेली असतेच. अर्जदाराचा धीर कुठवर टिकला आहे ते मात्र खालच्या 'प्रतिलिपी'च्या यादीत दिसतं. पहिला अर्ज फक्त मुख्याधिकाऱ्यांच्या नावे असतो. पुढच्या अर्जांत तहसीलदार येतात, मग जिल्हाधिकारी, आमदार, आणि अगदी शेवटी 'सर्व वृत्तपत्रे'. आमचं खापा हे कन्हान नदीच्या काठचं, हातमागावर वाढलेलं गाव. नगरपालिका इथे 1867 साली आली. त्यामुळे आवक क्रमांक घेणं, दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का मारून घेणं इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. पोच म्हणजे उत्तर नव्हे, हेही त्याला पक्कं ठाऊक असतं. आणि म्हणूनच 'सर्व वृत्तपत्रे' असं लिहिलं जातं. तिथून अर्जाचं खुलं पत्र व्हायला लागतं.

'साहेब वाचणार तरी आहेत का? मग लिहून काय उपयोग?' हा प्रश्न गावात नेहमी ऐकू येतो. माझं म्हणणं असं, की खुलं पत्र साहेबांच्या नावे असलं तरी ते लिहिलं जातं इतरांसाठी. आपण काय मागितलं, कधी मागितलं, कुणाकडे मागितलं, याला चारचौघं साक्षी राहावेत म्हणून. पुढे 'आमच्याकडे असं काही आलंच नव्हतं' असं कुणाला म्हणता येऊ नये म्हणून.

जोतीराव फुल्यांचं 1885 सालचं पत्र घ्या. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना पुण्याच्या ग्रंथकार सभेचं निमंत्रण दिलं होतं. जोतीराव नुसते गेले नसते तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण त्यांनी नकार लिहून कळवला आणि तो 11 जूनच्या 'ज्ञानोदया'त छापून आला. सगळ्या माणसांचे हक्क ज्यांना मोकळ्या मनाने देववत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा मेळ बसणार नाही, असा त्याचा आशय. निमंत्रणाचं साधं उत्तर ते, पण मराठी साहित्याचे व्यवहार कुणाचे, हा वाद आजही त्या पत्रापासून सुरू होतो. फ्रान्समध्ये एमिल झोलाने 13 जानेवारी 1898 रोजी राष्ट्राध्यक्षांच्या नावे पत्र छापलं, लष्करातल्या निरपराध ड्रेफसला अडकवणाऱ्या अधिकाऱ्यांची नावं घेतली. बदनामीचा खटला होणार हे ठाऊक असून घेतली. झोलाला शिक्षा झाली, देश सोडावा लागला. ड्रेफस निर्दोष ठरायला 1906 उजाडलं.

पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते बाबासाहेबांचं अनावृत पत्र. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन विसर्जित करावं आणि जातीपलीकडचा, संविधानाची मूल्यं मानणारा रिपब्लिकन पक्ष उभारावा, हा त्यातला त्यांचा विचार. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि 6 डिसेंबरला ते गेले. पत्र लोकांसमोर आलं ते त्यांच्या पश्चात. त्या पत्राचा आधार घेऊन 3 ऑक्टोबर 1957 रोजी नागपुरातच, आमच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर, पक्ष स्थापन झाला. ज्याने लिहिलं तो नव्हता. ज्यांना लिहिलं त्यांनी ते अंगावर घेतलं. पुढे पक्षाची शकलं झाली, ही आपल्या सगळ्यांच्या जिव्हारी लागलेली गोष्ट आहे. तरी पत्र उरलं आहे, आणि फुटलेल्या प्रत्येक गटाला त्यावरून आजही जाब विचारता येतो.

आता सहीबद्दल. गोपाळ हरी देशमुखांनी 1848 पासून 'प्रभाकर'मध्ये शतपत्रं लिहिली ती 'लोकहितवादी' या नावाने. ते सरकारी नोकरीत होते, त्यामुळे टोपणनाव घेणं समजण्यासारखं आहे. पण मोबाईलवर फिरणाऱ्या 'एक त्रस्त नागरिक' छापाच्या पत्रांची मला चीड येते. त्यात शिव्या असतात, मागणी नसते. अमुक वॉर्डातली नाली अमुक तारखेपासून तुंबली आहे, एवढंही त्यात सापडत नाही. व्यापाऱ्याच्या उचलीत अडकलेल्या विणकराला किंवा खाणीतल्या ठेकेदाराच्या मजुराला एकट्याने नाव घालणं परवडत नाही, हे खरं. त्यावर आपल्याकडे जुना उपाय आहे, सह्यांचा कागद. निळ्या शाईचा अंगठा, शेजारी लिहून देणाऱ्याच्या वळणदार अक्षरात नाव आणि 'निशाणी डावा अंगठा'. अशी पन्नास नावं एकाखाली एक आली की एकट्यावर डूख धरता येत नाही. माझ्या लेखी तो कागद कुठल्याही अग्रलेखाच्या तोडीचा आहे.

नगरपरिषदांकडे माझी मागणी आहे. पन्नासांहून अधिक सह्यांचं जाहीर निवेदन आलं, तर ते पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावं, सभागृहात वाचावं आणि उत्तर लेखी, तारखेसह, सूचनाफलकावर लावावं. मागणी मान्य होणार नसेल तर तसं कारणासह लिहावं. हे करायला वेगळा निधी लागत नाही.