वाट कोणाची चुकली?

गेल्या पावसाळ्यात आमच्या आळीतल्या एका कुत्र्याला आम्ही पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून आलो. रात्री भुंकतो, एवढाच त्याचा अपराध. पोत्याचे तोंड धरणाऱ्यांत मीही होतो, हे आधीच कबूल करतो. चौथ्या दिवशी सकाळी दार उघडले, तर स्वारी चिखलाने माखून पायरीवर हजर! "मेला निर्लज्ज आहे," शेजारच्या काकू म्हणाल्या. मी मात्र विचारात पडलो. पोत्यातून ज्याला काहीच दिसले नाही, त्याला परतीची वाट कोणी सांगितली?

कुत्र्याचे नाक तिखट, हे आपण जाणतोच. गेल्या वाटेवरचा स्वतःचाच वास हुंगत तो मागे फिरू शकतो. पण चेक प्रजासत्ताकातील संशोधकांनी २७ शिकारी कुत्र्यांच्या गळ्यात उपग्रहाच्या साहाय्याने ठावठिकाणा नोंदवणारे पट्टे बांधून त्यांना रानात सोडले. सहाशेहून अधिक फेऱ्यांचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. काही कुत्री आल्या वाटेने न परतता नवीच वाट धरत. त्यांतली बरीचशी आधी वीसेक मीटर उत्तर-दक्षिण रेषेत धावत आणि मगच मालकाच्या दिशेने वळत. असे धावणारी कुत्री लवकर परतत. पृथ्वीचे चुंबकत्व त्यांना जाणवत असावे, असे संशोधकांचे अनुमान आहे. अर्थात ती कुत्री आपल्या पायांनी गेली होती, पोत्यातून नव्हे!

२०२४ साली बेळगाव जिल्ह्यातल्या यमगर्णी गावचा 'महाराज' नावाचा कुत्रा मालकापाठोपाठ पंढरपूरच्या वारीला गेला, तेथे गर्दीत चुकला आणि सुमारे अडीचशे किलोमीटर तुडवून एकटा घरी परतला. गावाने त्याला हार घातला, जेवण घातले. विठ्ठलाची कृपा, असे लोक म्हणाले. त्या श्रद्धेला मी हसणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की एक कुत्रा परतला तर तो चमत्कार आणि दुसरा परतला तर तो निर्लज्जपणा, हा कोणता न्याय? दोघांनीही केले ते एकच : आपले घर शोधले.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. परतलेल्यांच्याच कथा होतात. जे वाटेत मोटारीखाली सापडतात, परक्या आळीतल्या कुत्र्यांकडून फाडले जातात किंवा उपाशी मरतात, त्यांची बातमी होत नाही. "कुत्रे आहे, शोधील आपली वाट," असे म्हणून त्याला लांब सोडणे म्हणजे त्याच्या अंगच्या गुणाचा आधार घेऊन आपली जबाबदारी झटकणे होय. कुत्र्यांचा उपद्रव खरा आहे, चावे खरे आहेत. त्यावर नसबंदी आणि लस हे कष्टाचे उपाय आहेत. पोते हा फक्त सोपा उपाय आहे.

तो कुत्रा अजून आमच्या पायरीवर बसतो. मी जवळ गेलो की मात्र मुकाट्याने उठून चार पावले दूर जातो. घराची वाट तो विसरला नाही, तसे पोते धरणारे हातही विसरलेला नाही. सध्या मी रोज रात्री पायरीवर भाकरी ठेवतो आणि आत जातो. मी गेल्यावरच तो ती खातो.