रिद्धपूरची वेगळी विहीर

दोघांशी माझं भांडण आहे. एक आपलाच. म्हणतो, रिद्धपूर मानभावांचं, देवाधर्माचं गाव. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण सगळे देव नागपुरात टाकून आलो, आता तिकडं बघायचं कशाला? दुसरा परका. २०२३ ला सरकारनं रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ जाहीर केलं तेव्हापासून हा शाल पांघरून 'मराठीची काशी, मराठीची काशी' असा गळा काढत हिंडतोय.

मी गोदीत लॅशिंगच्या टोळीत आहे. तीन दिवसांचे खाडे टाकून जाऊन आलो. अमरावती जिल्हा, मोर्शी तालुका. मावशी त्याच भागात राहते. ती म्हणाली, "त्या मानभावायच्या गावाले कायले जातं रे पोरा?" तिच्या तोंडी हा शब्द जसा आला तसाच तो सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी आहे. 'मानभावी' म्हणजे ढोंगी. 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची.' एका पंथाचं नाव घ्यायचं आणि त्याची शिवी करून शतकानुशतकं वापरायची, ही मराठीची रीत आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्या जातींच्या नावांचं हिनं काय केलं ते आपल्या कानांना ठाऊक आहे. आज काशी म्हणणाऱ्यानं आधी घरातला शब्दकोश उघडावा.

गाव साधंच. राजमठ पाहिला, म्हाइंभटानं जिथं लीळाचरित्र सिद्ध केलं म्हणतात ती वाजेश्वरी पाहिली. लोक 'दंडवत' म्हणाले, मी 'जय भीम' म्हणालो. कुणी तोंड वाकडं केलं नाही, तेही सांगतो. लीळाचरित्र तेराव्या शतकातलं, ज्ञानेश्वरीच्या आधीचं. चक्रधर बोलला काय, चालला कुठं, जेवला काय, कुणावर रागावला, ते ऐकणाऱ्या-पाहणाऱ्यांना विचारून विचारून लिहिलेलं. आठवणींत फरक पडला तर दोन्ही ठेवल्या. म्हणजे मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ बोलीतला आहे. आणि मला एका मासिकाच्या संपादकानं कविता परत पाठवली, शेरा मारून : भाषा शुद्ध करा.

त्या गावचा वेडा म्हणजे गोविंदप्रभू, गुंडम राऊळ. जन्मानं ब्राह्मण. कुणाच्याही घरात शिरायचा, हाताला लागेल ते खायचा. महारामांगांच्या घरी जायचा आणि तिथून सरळ अग्रहारात. लोक कुरकुरायचे, पण वेड्याला कोण काय करणार? मला हा माणूस आवडला. देव म्हणून नव्हे. साला, त्या काळात विटाळाच्या रेघा पायानं पुसायला शहाण्याला वेड पांघरावं लागत होतं.

पण इथंच थांबा. त्याच्या चरित्रात एक गोष्ट आहे. मातंगांना पाणी नव्हतं. ते त्याच्याकडं आले. त्यानं जागा दाखवली, त्यांनी खणलं, पाणी लागलं. भक्त ही कृपा म्हणून सांगतात. मी दोनदा वाचली आणि दोनदा डोकं फिरलं. अरे, गावात पाणी होतंच की! बाकीचा गाव काय पीत होता? ज्याला लोक परमेश्वर म्हणतात त्यानंही आमच्या हाती कुदळ दिली, गावाच्या विहिरीवर नेलं नाही. तहान भागली, रेघ तशीच राहिली. महाडला २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याच्या काठाशी उतरले, ते गावात पाणी कमी होतं म्हणून नव्हे. आमच्यासाठी निराळं तळं खणून मागितलं असतं तर कदाचित आनंदानं मिळालंही असतं.

म्हणून विद्यापीठ ऐकलं की मला आधी विहीर आठवते.

कारण पंथानं पुढं काय केलं? नागदेवाचार्यानं संस्कृतचा हट्ट मोडून काढला, आपल्या म्हाताऱ्या बायांना कळलं पाहिजे म्हणून. वा! आणि चौदाव्या शतकात त्याच पंथानं पोथ्या सकळ लिपीत, सुंदरी लिपीत घातल्या. म्हातारीसाठी आणलेली भाषा कुलपात. छळाची भीती असेल, मान्य. पण विसाव्या शतकात राजवाड्यांच्या हाती किल्ली लागेपर्यंत बाहेरच्या माणसाला अक्षर कळत नव्हतं. शेकडो वर्षं! कंटेनरचं सील तोडायला आम्हाला एक पक्कड पुरते.

तेव्हा आपल्या मित्राला सांगतो : देव नको, बरोबर. पण ते गद्य का सोडतोस? ते आपल्या बोलण्याच्या जातीचं आहे. आणि शालवाल्याला सांगतो : अभिजात दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ ला मिळाला, पेढे वाटलेस. आता त्या विद्यापीठात 'दलित साहित्य' नावाची वेगळी विहीर खणून देऊ नकोस. एक पेपर, एक कोपरा, एक जयंती. आमची भाषा व्याकरणाच्या वर्गात आण, कोशात आण. हॅचमध्ये उतरलेल्या माणसाला वरून दिलेली हाक, मुकादमाची शिवी, मावशीचं 'कायले', सगळं.

मी अर्ज करणार आहे. मॅट्रिकवर घेत नाही म्हणतील. नागदेवाच्या म्हाताऱ्यांचं शिक्षण किती होतं ते मग मला लेखी कळवा.