यशोधरेचा हात

अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेणीत ५ व्या शतकातले एक भित्तिचित्र आहे. कपिलवस्तूला परतलेले तथागत भिक्षापात्र घेऊन दारी उभे आहेत. ते भव्य, समोर यशोधरा आणि राहुल अगदी लहान. नजर आधी तथागतांवरच खिळते. पण जरा थांबा, यशोधरेचा हात पाहा. तो राहुलला पुढे करतो आहे. बापाकडे वारसा माग म्हणून. वारसा मिळाला तो चीवराचा. म्हणजे एकुलता एक मुलगाही गेला! हे ध्यानात आले की माझा गळा दाटून येतो. तिच्या त्यागाला आपण वंदन करतो, दुःख मात्र विसरतो. चित्रकार विसरला नाही. बंधू-भगिनींनो, जवाहरनगरहून अजिंठा दूर आहे. छापील चित्र मिळाले तरी मुलांना तो हात दाखवा.